डिचोलीतील एक जोडपे, दिवसाला पंधरा सिगारेटी आणि वीर्यतपासणीचे चार अहवाल

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका जोडप्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून वये, कामाचे स्वरूप आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. पती ३४ वर्षांचा, खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर, म्हणजे नदीतील मालवाहू नौकेवर, इंजिनघरात काम करणारा. पत्नी २९ वर्षांची, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि त्यांपैकी अडीच वर्षे मुलासाठी प्रयत्न चालू होते. घर एकत्र कुटुंबाचे: पतीची आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले.

पहिल्या दोन वर्षांत जे काही झाले ते सर्व पत्नीच्याच बाबतीत झाले. थायरॉईड, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, अंडाशयातील साठ्याचा अंदाज देणारी एएमएच चाचणी हे सर्व करून झाले आणि कशातही दोष निघाला नाही. पाळी नियमित होती आणि एएमएच ३.१, म्हणजे वयाच्या मानाने चांगले होते. दरम्यान सासूबाईंनी म्हार्दोळच्या म्हाळसेला आंगवण, म्हणजे नवस, बोलून ठेवली, गावच्या देवळात कौल घेतला आणि सुनेला झाडपाल्याचे औषध सुरू केले. पतीची तपासणी करून घ्यावी हे मात्र घरात कोणाला सुचले नाही. वैवाहिक संबंधांत कोणतीही अडचण नव्हती आणि तेवढ्यावरून पतीमध्ये काही उणे नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते. संबंध ठेवण्याची क्षमता आणि मूल होण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकल्यासवरल्या घरांतही पुरेसे ठाऊक नसते.

पतीने सिगारेट एकोणिसाव्या वर्षी सुरू केली. बरीच वर्षे हे प्रमाण दिवसाला चार-पाच असे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि बार्ज नदीकाठाला उभ्या राहिल्या. घरी बसलेल्या त्या काळात सिगारेटींची संख्या पंधरावर गेली. पुढे काम परत मिळाले, पण संख्या खाली आली नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले; गोव्यात हे प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत कमी होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्यास बंदी घालणारा कायदाही गोव्याने १९९७ मध्येच, केंद्राच्या कायद्याआधी केला. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु आपल्याकडे तंबाखू फारशी नाहीच असे मानून तिच्याबद्दलचा प्रश्न घाईने उरकण्याची सवयही आपल्या दवाखान्यांना लागली आहे.

अडचण

नोव्हेंबरमध्ये पत्नीच्या आग्रहावरून दोघे एका खासगी केंद्रात गेले आणि तेथे पतीची पहिली वीर्यतपासणी झाली. वीर्य २.२ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे २८ टक्के, सामान्य आकाराचे २ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार संदर्भाच्या किमान मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर, १ कोटी ६० लाख, ४२ टक्के आणि ४ टक्के अशा आहेत. वीर्याचे प्रमाण सोडले तर बाकी सर्व आकडे या मर्यादेखाली होते. केंद्राने थेट इक्सी, म्हणजे एकेक शुक्रजंतू सुईने अंड्यात सोडून गर्भ तयार करण्याची पद्धत, सुचवली आणि सुमारे दोन लाखांचा अंदाज दिला.

फेब्रुवारीत जोडपे माझ्याकडे आले ते या अंदाजाचा कागद घेऊन. कर्ज काढून हे करावे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. केंद्राच्या नोंदींत धूम्रपानासमोर ‘क्वचित’ असे लिहिलेले होते, आणि तपासणीपूर्वी किती दिवस संबंध टाळले होते या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते.

‘क्वचित’ हा शब्द कोठून आला हे पतीला एकट्याला विचारल्यावर कळले. केंद्रात तो प्रश्न पत्नी आणि वहिनी शेजारी बसलेल्या असताना विचारला गेला होता. दिवसाला किती ओढता असे विचारले की बहुतेक माणसे अर्धा आकडा सांगतात. म्हणून दहाचे पाकीट किती वेळ पुरते, असे विचारणे बरे. उत्तर आले की पाकीट दुपारपर्यंत संपते आणि संध्याकाळी गाड्यावर सुट्या घेतो. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट चहाच्याही आधी, दहा मिनिटांच्या आत. निकोटीनवरील अवलंबित्व मोजणाऱ्या फॅगरस्ट्रॉम प्रश्नावलीत त्याचे १० पैकी ६ गुण झाले, म्हणजे अवलंबित्व बऱ्यापैकी जास्त.

तपासणीतून काय हाती लागले

एकाच वीर्यतपासणीवर निर्णय घेऊ नये हा जुना नियम आहे, कारण एकाच पुरुषाचे आकडेही आठवड्या-आठवड्याला बरेच बदलतात. पहिल्या नमुन्याच्या वेळी तो बार्जच्या लांबलेल्या पाळीवरून परतला होता आणि अकरा दिवसांचे अंतर पडले होते. दोन ते सात दिवसांचे अंतर योग्य मानले जाते. त्याहून अधिक झाल्यास साठून राहिलेल्या शुक्रजंतूंची हालचाल कमी दिसते. मार्चमध्ये चार दिवसांच्या अंतराने, प्रयोगशाळेतच नमुना देऊन दुसरी तपासणी झाली. मिलिलिटरमध्ये १ कोटी १० लाख, हालचाल ३१ टक्के. थोडा फरक पडला, पण चित्र बदलले नाही. वीर्यात पांढऱ्या पेशी मिलिलिटरमागे १० लाखांहून अधिक होत्या, तरी जंतुसंसर्ग आढळला नाही. शुक्रजंतूंतील डीएनए किती प्रमाणात तुटलेला आहे हे दाखवणारा निर्देशांक ३८ टक्के आला. ३० टक्क्यांच्या वर गेल्यास गर्भधारणेची शक्यता घटते असे सामान्यतः धरतात.

शुक्रजंतूंच्या निर्मितीला चालना देणारे एफएसएच हे संप्रेरक सामान्य होते आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तर सामान्य मर्यादेच्या वरच्या बाजूला होते. यामुळे पतीचा गोंधळ वाढला. टेस्टोस्टेरॉन चांगले असताना दोष कसा, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. धूम्रपान करणाऱ्यांत या संप्रेरकाची पातळी बऱ्याचदा थोडी जास्तच आढळते. सिगारेटने होणारे शुक्रजंतूंचे नुकसान मुख्यतः संप्रेरकाच्या वाटेने होत नाही, त्यामुळे या अहवालावरून त्याविषयी काहीच सिद्ध होत नव्हते.

मूत्ररोगतज्ज्ञांना तपासणीत डाव्या बाजूला पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीचे व्हेरिकोसील सापडले. अंडकोशातील शिरा फुगण्याचा हा प्रकार साधारण १५ टक्के पुरुषांत असतो आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याहून बराच अधिक आढळतो. म्हणजे संशयित तीन झाले: धूर, इंजिनघराची उष्णता आणि फुगलेल्या शिरा. तिन्हींचा शेवट एकाच जागी होतो, तो म्हणजे अंडकोशातील ऑक्सिडीकरणाचा ताण. त्यामुळे दोष कोणाचा किती हे अहवालावरून वेगळे काढता येत नाही.

धूर तेथपर्यंत कसा पोहोचतो

सिगारेट फुप्फुसांचे नुकसान करते हे पतीला मान्य होते; तिचा मुलाशी संबंध काय, हे त्याला पटत नव्हते. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. त्यांतील निकोटीन, कार्बन मोनॉक्साईड, कॅडमियम आणि शिसे रक्तावाटे सर्वत्र जातात. निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीन तर वीर्यातही मोजता येते. शुक्रजंतूच्या आवरणात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात, आणि त्याच्यात पेशीद्रव जवळजवळ नसल्यामुळे हे नुकसान रोखणारी किंवा दुरुस्त करणारी सामग्रीही फारशी नसते. त्यात पांढऱ्या पेशी वाढल्या की त्या स्वतःच आणखी क्रियाशील ऑक्सिजन सोडतात. परिणामी शेपटीला ऊर्जा पुरवणारा भाग मंदावतो, हालचाल घटते आणि डोक्यातील डीएनए ठिकठिकाणी तुटतो. अंडे काही प्रमाणात ही तुटफूट सांधते, पण ती क्षमता स्त्रीच्या वयाबरोबर कमी होत जाते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात २० अभ्यासांतील ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र पाहिली गेली. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी आढळली आणि मध्यम व जास्त ओढणाऱ्यांत हा फरक अधिक होता.

यावर पतीचे उत्तर तयार होते: वडील आयुष्यभर विड्या ओढत होते आणि त्यांना पाच मुले झाली. हे उत्तर इतक्या पुरुषांकडून ऐकायला मिळते की त्याला नीट उत्तर द्यायलाच हवे. सिगारेटमुळे सरासरीने जी घट होते ती ज्याची संख्या आठ-दहा कोटी आहे त्याला जाणवतही नाही. ज्या विहिरीला मे महिन्यातही पुरुषभर पाणी असते तिच्यातून रोज चार घागरी जास्त उपसल्या तर कोणाला कळते? एप्रिलमध्येच तळ दिसणाऱ्या विहिरीची गोष्ट वेगळी. वडिलांच्या विड्या निरुपद्रवी होत्या असे पाच मुलांवरून ठरत नाही; त्यांच्याकडे साठा मोठा होता एवढेच ठरते. मुलाकडे, उष्णतेमुळे असो वा शिरांमुळे, तो नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय लगेच इक्सी करण्याचा. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते: संख्या कमी असली तरी ही पद्धत चालते, वेळ वाचतो. खर्चाचा मुद्दाही अटळ नव्हता, कारण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून मोफत आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराची, सोय सुरू झाली आहे. परंतु इक्सीत शुक्रजंतू निवडला जातो तो आकार आणि हालचाल पाहून. आतला डीएनए तुटलेला आहे की नाही हे सुई धरणाऱ्याला दिसत नाही. पती धूम्रपान करत असल्यास आयव्हीएफ आणि इक्सीचे यश कमी राहते असे काही अभ्यासांत आढळले आहे. शिवाय इंजेक्शने, भूल आणि अंडी काढण्याची प्रक्रिया हे सारे पत्नीच्या वाट्याला येणार होते, जिच्यात मुळात दोष नव्हता.

दुसरा, व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया. मूत्ररोगतज्ज्ञांचा कल या बाजूला होता. व्हेरिकोसील हाताला लागते, वीर्य सदोष आहे आणि पत्नी निरोगी आहे, अशा स्थितीत शस्त्रक्रिया सुचवणे नियमाला धरूनच आहे. माझे म्हणणे असे होते की पहिल्या श्रेणीच्या शिरांसाठी चाकू लावण्याआधी रोजच्या पंधरा सिगारेटी थांबवून पाहाव्यात, कारण शस्त्रक्रियेचा परिणाम दिसायलाही तीन ते सहा महिने लागतातच. हा मतभेद पूर्णपणे मिटला नाही.

तिसरा पर्याय त्याने आधीच सुरू केलेला होता: औषधाच्या दुकानातून आणलेल्या ‘शुक्रवर्धक’ कॅप्सूल. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जस्त आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना जन्मलेल्या मुलांचे प्रमाण वाढले. त्याच्या कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीनही होते, आणि धूम्रपान करणाऱ्यांनी ते मोठ्या मात्रेत घेतल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. या कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या.

चौथा पर्याय पतीने स्वतः मांडला: पंधरावरून चारवर येतो. तडजोड म्हणून हे ऐकायला बरे वाटते. पण संख्या घटवणारी माणसे प्रत्येक सिगारेट अधिक खोल आणि शेवटपर्यंत ओढतात, त्यामुळे शरीरात जाणारा धूर त्या मानाने घटत नाही; आणि चारचे परत दहा व्हायला एक वाईट आठवडा पुरतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, आणि सिगारेटऐवजी तंबाखू मळून खाणेही शुक्रजंतूंना घातकच आहे.

निर्णय आणि त्यामागचा हिशेब

पाचवा पर्याय निवडला गेला: सिगारेट पूर्ण बंद, उष्णतेपासून शक्य तितकी सुटका आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा तपासणी. मुदत तीन महिन्यांची, आणि तिला शरीरशास्त्राचा आधार होता. एक शुक्रजंतू घडायला सुमारे दहा आठवडे लागतात आणि त्यानंतर बाहेर पडण्याच्या मार्गात पक्व व्हायला साधारण दोन आठवडे. म्हणजे आजचा नमुना तीन महिन्यांपूर्वीच्या सवयींबद्दल बोलत असतो. सिगारेट सोडून तीन आठवड्यांनी तपासणी करून ‘फरक पडला नाही’ म्हणणे निरर्थक आहे.

थांबणे परवडण्याजोगे होते ते पत्नीच्या वयामुळे. २९ व्या वर्षी आणि ३.१ एएमएचवर सहा महिने गेल्याने फारसे बिघडत नाही. पत्नी ३७ वर्षांची असती तर हाच निर्णय चुकीचा ठरला असता; तेव्हा सिगारेट सोडणे आणि उपचार दोन्ही बरोबरच सुरू करावे लागले असते. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा आकडा पतीच्या अहवालात नव्हता, तो पत्नीच्या जन्मतारखेत होता.

माझ्या मते प्रकरणाला वळण मिळाले ते सिगारेट सोडणे फाइलमध्ये कसे लिहिले यावरून. ‘धूम्रपान टाळावे’ ही ओळ बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी, ‘भरपूर पाणी प्यावे’ याच्या शेजारी असते आणि तिची किंमतही तेवढीच राहते. येथे ती उपचार म्हणून लिहिली: सुरुवातीची तारीख, सिगारेटची तलफ भागवणाऱ्या निकोटीन गमची मात्रा, दर आठवड्याचा फोन आणि पुढील तपासणीचा दिवस. सिगारेटींची विचारपूस पत्नीने करायची नाही असेही ठरले, कारण घरात पहारा सुरू झाला की माणूस सोडत नाही, लपवायला शिकतो.

तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील निवडली. पावसाळ्यात खाणीतले उत्खनन थांबते, बार्जच्या फेऱ्या कमी होतात, आणि त्याची बार्ज दुरुस्तीला लागणार होती. इंजिनघराची उष्णता आपोआप सुटणार होती. यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि नंतर श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवणे अशक्य झाले, हे खरे. पण जोडप्याला मूल हवे होते, प्रबंध लिहायचा नव्हता.

पहिले आठवडे

निकोटीन गम पहिल्या दोन दिवसांतच जवळजवळ फसला. तो च्युईंगगमसारखा सलग चावत राहिल्याने उचक्या, घशात जळजळ आणि मळमळ सुरू झाली. गम सावकाश चावायचा असतो. जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवली की थांबायचे आणि तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. एक गम असा अर्धा तास चालतो. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको, कारण आंबटसर तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. त्याचा पहिला गम तर नेमका चहाच्या वेळी येत होता, म्हणून त्याने सकाळचा चहा आंघोळीनंतर नेला. समोर बसून एक गम चावून दाखवल्यावर जे काम झाले ते माहितीपत्रकाने झाले नव्हते.

निकोटीन स्वतः शुक्रजंतूंना पूर्ण निरुपद्रवी आहे असे नाही. तरीही धुरातील कार्बन मोनॉक्साईड, कॅडमियम आणि ज्वलनातून येणारी बाकीची रसायने एकदम बंद होत असतील तर काही आठवडे गम चालवून घेणे पत्करले. त्याबरोबर पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनलाही त्याने फोन केला. जुलैच्या सुरुवातीस सिगारेट पूर्ण बंद होती. मात्र घरी त्याने आईला सांगितले होते की डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सिगारेट बंद केली आहे. सुनेचे झाडपाल्याचे औषध त्यामुळे चालूच राहिले.

ऑगस्टचा अहवाल

ऑगस्टच्या अखेरीस तिसरी तपासणी झाली आणि आकडे आधीपेक्षा वाईट आले: मिलिलिटरमध्ये ५० लाख, हालचाल २२ टक्के. अहवाल त्याने प्रयोगशाळेच्या दारातच उघडला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, काही दिवसांवर होती. मूळ घरी सगळे भाऊबंद जमले, आरत्या झाल्या आणि रात्री माटवामागे, म्हणजे मांडवामागे, जेथे दरवर्षी पाकीट फिरते तेथे तो पुन्हा ओढू लागला. पुढे दोन आठवडे दिवसाला सात-आठ.

या टप्प्यावर प्रकरण मोडले असते. तो म्हणत होता की सोडून काही फायदा नाही, हे डोळ्यांनी पाहिले. पत्नी प्रथमच इक्सीला तयार झाली. निर्णय घेण्यापूर्वी मागच्या तीन महिन्यांची तारीखवार उजळणी केली तेव्हा उलगडा झाला: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याला पाच दिवस १०२-१०३ अंश ताप होता. औषध गावातल्या दुसऱ्या दवाखान्यातून घेतले होते, त्यामुळे नोंद फाइलपर्यंत आली नव्हती. मोठा ताप शुक्रजंतूंची घडण बिघडवतो, संख्येतली घट काही आठवड्यांनी दिसते आणि भरून यायला दोन-तीन महिने लागतात. ऑगस्टचा नमुना नेमका त्या खड्ड्यात सापडला होता. तो अहवाल तापाबद्दल बोलत होता. सिगारेटबद्दल त्यातून काहीच कळत नव्हते.

आता दोन मार्ग होते. अहवाल बाजूला ठेवून आणखी तीन महिने थांबणे, किंवा बांबोळीला नाव नोंदवणे. दोन्ही एकदम करायचे ठरले: नोंदणीची चौकशी सुरू ठेवायची आणि डिसेंबरमध्ये चौथा नमुना द्यायचा. त्याआधी ताप आला तर तारीख पुढे ढकलायची हे या वेळी लिहूनच ठेवले.

याच सुमारास पतीने आईला खरे काय ते सांगितले. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. पुन्हा गम चावताना पाहून आईने रक्तदाबाची चौकशी केली आणि त्याला खोटे पुढे रेटवेना. मग इतके दिवस सुनेला कशाला औषधे पाजली, एवढेच त्या म्हणाल्या, आणि झाडपाल्याचे औषध दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. गमपेक्षा याचा उपयोग अधिक झाला असावा असे पत्नीचे मत आहे.

निष्पत्ती

डिसेंबरच्या नमुन्यात वीर्य २.४ मिलिलिटर, मिलिलिटरमागे १ कोटी ९० लाख शुक्रजंतू, हालचाल ४१ टक्के, सामान्य आकार ३ टक्के, पांढऱ्या पेशी मर्यादेत आणि डीएनए तुटीचा निर्देशांक २४ टक्के. दोन आकडे अजूनही काठाखालीच होते. परंतु मार्चमध्ये आययूआयसाठी, म्हणजे धुतलेले वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्याच्या सोप्या आणि स्वस्त उपचारासाठी, जी संख्या अपुरी वाटत होती ती आता पुरेशी होती. इक्सीचा विचार मागे पडला.

जानेवारीत पहिला प्रयत्न अयशस्वी झाला, फेब्रुवारीत दुसरा यशस्वी. नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, वजन २.८ किलो. पतीने गम डिसेंबरअखेर थांबवला. त्याचे वजन पाच किलोंनी वाढले, जे सिगारेट सोडणाऱ्यांत नेहमीचे आहे. शिगम्यात दोन सिगारेटी ओढल्याचे त्याने आपणहून सांगितले, त्यानंतर नाही.

सिगारेट सोडल्यामुळे मूल झाले, असे मी म्हणणार नाही. उष्णता कमी झाली, नमुने नीट घेतले गेले, उपचारही झाला. शिवाय अशा जोडप्यांत काहींना काहीही न करता दिवस जातात. पांढऱ्या पेशी आणि डीएनए तूट दोन्ही बरोबर खाली येणे धूर थांबण्याशी जुळते, एवढेच म्हणता येते. सगळे नुकसान तीन महिन्यांत पुसले जाते असेही नाही. कॅडमियम शरीरात वर्षानुवर्षे साठून राहते.

वेगळे काय करता आले असते

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास पती-पत्नी दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी हा नियम आहे. येथे तो पाळला गेला असता तर काहीशे रुपयांच्या एका वीर्यतपासणीने पत्नीचा वेदनादायक एक्स-रे कदाचित टळला असता, निदान वर्षभर तरी वाचले असते.

ऑगस्टच्या नमुन्याची तारीख जूनमध्येच पक्की केली होती आणि ती पाळली गेली, हीच अडचण ठरली. नमुना देण्यापूर्वी गेल्या तीन महिन्यांतील ताप, औषधे आणि संबंध टाळलेले दिवस विचारणारा चार ओळींचा कागद असता तर तो नमुना घेतलाच गेला नसता. आपल्याकडे पावसाळा म्हणजे तापाचा मोसम; जून ते सप्टेंबर या काळातील प्रत्येक वीर्यतपासणीला हा प्रश्न लागू आहे.

सिगारेट थांबल्याची खात्री केवळ त्याच्या सांगण्यावर अवलंबून होती. श्वासातील कार्बन मोनॉक्साईड मोजणारे छोटे यंत्र किंवा लघवीतील कोटिनीनची तपासणी वापरता आली असती. पहारा म्हणून नव्हे. चवथीआधीच्या त्या आठवड्यात, वीर्याचा अहवाल वाईट असतानाही शरीर धुरापासून मोकळे झाल्याचा एखादा आकडा त्याच्या हातात पडला असता तर तो माटवामागे गेला असता का, हा प्रश्न उरतो. त्याचप्रमाणे आईला पहिल्या दिवशीच सांगायचे की नाही, हे दोघांना एकत्र बसवून ठरवायला हवे होते; ते पतीवर सोडले गेले आणि तीन महिन्यांचा भार पत्नीने उचलला.

व्हेरिकोसील अजून तेथेच आहे. मूत्ररोगतज्ज्ञ आजही म्हणतात की शस्त्रक्रिया केली असती तर डिसेंबरचे आकडे आणखी चांगले आले असते, आणि ते खोडून काढण्याजोगे माझ्याजवळ काही नाही. दुसऱ्या मुलाचा विचार जोडप्याने तूर्त पुढे ढकलला आहे. जेव्हा तो होईल तेव्हा सुरुवात पतीच्या वीर्यतपासणीने आणि त्या शिरांच्या फेरतपासणीने करायची, असे फाइलमध्ये दोघांच्या सहीनिशी लिहून ठेवले आहे.